नवा ट्रॅक्टर, वॉरंटी आणि केबिनमधला रेडिओ: काय आधी, काय नंतर

दसऱ्याला ट्रॅक्टर दारात येतो. द्राक्षाची फळछाटणी झालेली असते किंवा चालू असते, लगेच फवारण्या लागतात आणि मीटरवर पन्नास तास कधी उलटले ते घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. ७५ तासांना शोरूमवरून फोन येतो तेव्हा पहिल्या सर्व्हिसची मुदत गेलेली असते. तोवर पोरांनी हौसेने म्युझिक सिस्टिमही बसवून घेतलेली असते, तीही मीटरमागची वायर सोलून. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात दर हंगामात दोन-चार जणांचे दावे याच दोन कारणांनी फेटाळले गेलेले ऐकतो. माझा स्वतःचाही एक गेला आहे, तो पुढे सांगतो.

रेडिओ बसवायला हरकत नाही. मात्र क्रम पाळायला हवा: आधी कागद, मग पहिली सर्व्हिस, मग रेडिओ. मधली पायरी गाळली की पुढचं सगळं अवघड होतं.

## १. शोरूममधून निघण्याआधी

हार-नारळ व्हायच्या आधी अर्धा तास काढा. पूजा झाल्यावर कुणी कागद बघत नाही.

इंजिन नंबर आणि चासी नंबर ट्रॅक्टरवर स्वतः वाचा. बिल, विमा आणि वॉरंटी कार्ड या तिन्हींवर तेच नंबर आहेत का ते जुळवा. एक आकडा चुकला तरी दोन वर्षांनी दाव्याच्या वेळी तोच आडवा येतो. विक्रीची तारीख आणि त्या क्षणाचे मीटरचे तास कार्डावर लिहून शिक्का घ्या. बॅटरीचं कार्ड वेगळं मागा. बॅटरी, टायर आणि बऱ्याचदा डिझेल पंप यांची हमी ट्रॅक्टर कंपनी देत नाही, ते ते बनवणारी कंपनी देते. बॅटरीचं कार्ड हरवलं तर ट्रॅक्टरचं कार्ड तिथे चालत नाही.

मग वॉरंटीचं पान बसून वाचा. जाहिरातीत पाच-सहा वर्षं मोठ्या अक्षरात असतात, पण पुष्कळदा त्यातला पहिला काळच पूर्ण ट्रॅक्टरचा असतो आणि पुढची वर्षं फक्त इंजिन-गिअरबॉक्सची. वर्षं आणि तास, यातलं जे आधी पूर्ण होईल तिथे हमी संपते. द्राक्षबाग आणि भाडं दोन्ही करणाऱ्यांचे तास नेहमी आधी संपतात.

तपासा: इंजिन बंद ठेवून दहा मिनिटं नुसती किल्ली चालू करा. तासांचा मीटर पुढे सरकतो का ते बघा. काही ट्रॅक्टरांचा इलेक्ट्रॉनिक मीटर नुसत्या किल्लीवरही मोजत राहतो. तुमचा तसा असेल तर लिहून ठेवा, कारण किल्ली चालू ठेवून रेडिओ ऐकला की वॉरंटीचे तास फुकट जातील.

## २. पहिले ५० तास

या काळात इंजिनाच्या रिंगा आणि गिअरचे दात एकमेकांत बसत असतात. आपल्याकडे चुका दोन टोकांच्या होतात. कुणी नव्या ट्रॅक्टरला पहिल्याच दिवशी कांद्याने ठासलेली ट्रॉली जोडून लासलगावला नेतो, तर कुणी जीव लावून इतका हळू चालवतो की इंजिनाला कधी नीट लोडच मिळत नाही. दोन्हींनी नुकसानच होतं. मध्यम लोड, मध्यम आरपीएम, आणि दोन्ही अधूनमधून बदलते ठेवा. उंच गिअरमध्ये कमी आरपीएमवर इंजिन दबत असेल तर लगेच खालचा गिअर घ्या. बांधावर गप्पा मारताना अर्धा-अर्धा तास इंजिन नुसतं चालू ठेवू नका.

ब्लोअर फवारणी या काळात चालते, फक्त पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा शाफ्ट) ५४० आरपीएमच्या वर पळवू नका. खोल नांगरट आणि भरलेली ट्रॉली सर्व्हिस होईपर्यंत टाळा. घरी जुना ट्रॅक्टर असेल तर ही दोन कामं त्याच्याकडेच राहू द्या.

पहिल्या दिवशीचं काम संपलं की चाकांचे नट पान्याने तपासा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. नव्या रिमवर रंगाचा थर असतो. तो दबला की नट सैल पडतात.

## ३. पहिली सर्व्हिस, जी सगळ्यात जास्त चुकते

फवारणीच्या हंगामात रोज पाच-सहा तास ट्रॅक्टर चालतो. म्हणजे पन्नास तास व्हायला नऊ-दहा दिवस पुरतात. ‘महिनाभराने बघू’ हा हिशेब इथेच चुकतो. सर्व्हिस कूपनवर तासांसोबत दिवसही छापलेले असतात, दोन्ही बघा. चाळीस तासांना शोरूमला फोन करून दिवस ठरवा. हंगामात त्यांच्याकडेही रांग असते. उशीर त्यांच्याकडून होणार असेल तर तसा मेसेज त्यांच्याकडून मागून घ्या आणि जपून ठेवा.

‘फ्री सर्व्हिस’ म्हणजे मजुरी माफ. ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतात. ते वाचवायला बाजारातून स्वस्त फिल्टर आणून मेकॅनिकच्या हातात देऊ नका. जॉबकार्डवर ‘ग्राहकाने आणलेला फिल्टर’ अशी एक ओळ पडली की पुढे इंजिनाच्या दाव्यात तीच वाचून दाखवतात.

सर्व्हिस चालू असताना जवळ उभे राहा. इंजिन गरम असतानाच ऑइल सोडलं जातंय का ते पाहा, गार ऑइलमध्ये तळाचा गाळ तसाच राहतो. ड्रेन नटाला चुंबक असेल तर तो हातात घेऊन बघा. करडी बारीक पूड दिसली तर घाबरू नका, नवा ट्रॅक्टर आहे. पण नखाला टोचेल असा धातूचा कण सापडला तर तिथेच फोटो काढा आणि जॉबकार्डवर नोंद करायला लावा.

सावधान: गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल कमी दिसलं म्हणून गावातल्या दुकानातलं ९० नंबरचं गिअर ऑइल ओतू नका. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर गिअर, लिफ्ट आणि ब्रेक यांना मिळून एकच खास ऑइल लागतं. दुसरं मिसळलं की ब्रेक किंचाळतात, नीट पकडत नाहीत, आणि चूक सरळ तुमच्यावर येते.

दुसऱ्याची हायड्रॉलिक ट्रॉली जोडतानाही हेच ध्यानात ठेवा. त्या ट्रॉलीच्या जॅकमधलं जुनं, पाणी झिरपलेलं ऑइल तुमच्या नव्या ट्रॅक्टरच्या पोटात येतं. कपलर फडक्याने पुसल्याशिवाय जोडू नका. आणि जमलं तर वॉरंटीच्या काळात उसनी ट्रॉली नकोच.

निघताना जॉबकार्डची प्रत घ्या. तास, तारीख, ऑइलचा प्रकार आणि बदललेल्या वस्तू, हे सगळं त्यावर हवं. कूपन फाडून घेतलं असेल तर बुकातल्या अर्ध्या भागावर शिक्का हवा.

## ४. दोन सर्व्हिसच्या मध्ये

रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी ऑइलची पट्टी, कूलंट आणि ट्रॅक्टरखालची जमीन बघा. जमिनीवरचा थेंब कुठून पडला ते त्याच दिवशी शोधायचं. कूलंट कमी असेल तर बोअरचं पाणी घालू नका. आपल्या बोअरचं पाणी जड असतं, आत क्षार धरतं. तयार कूलंटचा एक कॅन शेडमध्ये ठेवा.

डिझेल ड्रममधून भरत असाल तर तळाचं चार बोटं डिझेल ड्रममध्येच राहू द्या आणि नरसाळ्याला बारीक जाळी लावा. टाकी संध्याकाळी भरा, म्हणजे रात्रीच्या गारव्यात रिकाम्या टाकीत दव धरत नाही. फिल्टरखालच्या वाटीत पाणी दिसलं तर लगेच सोडा. कॉमन रेल इंजिनाचे इंजेक्टर पाण्याच्या काही थेंबांनीही खराब होतात. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम ४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले. तेव्हापासून या गटात अशी कॉम्प्युटरवर चालणारी इंजिनं पुष्कळ आली आहेत, आणि त्यांत ‘डिझेलमध्ये पाणी’ हे दावा नाकारण्याचं नेहमीचं कारण असतं.

आता एअर फिल्टर. यावर थोडं थांबतो, कारण माझ्या मते नव्या इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू धूळ आहे. उन्हाळ्यात रोटाव्हेटर चालवताना मागून उठणारा फुफाटा वाऱ्याने पुढे आला की बोनेटवर पिठासारखा बसतो. मग लोक करतात काय? फिल्टर काढतात, टायरवर आपटतात, नाहीतर पंक्चरवाल्याकडे नेऊन बाहेरून जोराची हवा मारतात. आपटल्याने फिल्टरची कडा वाकते. बाहेरून मारलेल्या हवेने धूळ कागदात आणखी आत जाते आणि कधी कागद फाटतो. हवा आतून बाहेर मारायची, दाब कमी ठेवायचा, साधारण ३० पीएसआयच्या वर नको. नळी कागदापासून वीतभर लांब धरायची. मग फिल्टरच्या आत दिवा धरून बाहेरून बघायचं. टाचणीएवढा उजेड दिसला तरी फिल्टर बदला. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, तो बदलायचाच असतो.

तपासा: फिल्टर काढल्यावर इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडात बोट फिरवा. बोट कोरडं आणि स्वच्छ निघायला हवं. बोटाला मळकट पूड लागली तर फिल्टर नीट बसत नाही किंवा पाइपाची क्लिप सैल आहे. तो ट्रॅक्टर त्या दिवशी कामाला लावू नका. धूळ खाल्लेल्या इंजिनाचा दावा कुठलीही कंपनी मंजूर करत नाही.

ग्रीसिंग, पंख्याचा पट्टा, रेडिएटरची जाळी आणि टायरची हवा यांचे तास पुस्तिकेत दिलेले असतात, त्याप्रमाणे करा. बागेत ब्लोअर चालवणाऱ्यांनी एक गोष्ट जास्तीची करायची. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि गंधकाच्या फवारणीनंतर बॅटरीची टोकं आणि उघडे कनेक्टर ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा, टोकांना पेट्रोलियम जेली लावा. मोरचूद तांब्या-पितळेवर बसलं की चार महिन्यांत हिरवा गंज धरतो. मात्र डॅशबोर्डवर प्रेशरचं पाणी मारू नका.

## ५. रेडिओ: आधी विचारणा, मग सामान

पहिली सर्व्हिस होईपर्यंत ट्रॅक्टरच्या वायरिंगला हात लावायचा नाही. कारण साधं आहे. मूळचा दोष असेल तर तो बहुतेक या पन्नास तासांत दिसतो, आणि तेव्हा वायरिंग कारखान्यातून आलं तसंच असायला हवं.

सर्व्हिसच्या वेळीच शोरूमला विचारा की या मॉडेलला कंपनीचा रेडिओ मिळतो का. केबिनच्या ट्रॅक्टरमध्ये छताच्या पुढच्या भागात बऱ्याचदा कोरी झाकणपट्टी असते. तिच्यामागे रेडिओची वायर आणि स्पीकरच्या जागा तयार असतात. तसं असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी शोरूमकडूनच बसवून घ्या आणि बिलावर चासी नंबर लिहून घ्या. पुढची अर्धी डोकेदुखी तिथेच मिटते.

बाहेरून बसवणार असाल तर ‘कंपनीचं हार्नेस (वायरींचा जुडगा) न कापता, वेगळ्या फ्यूजवर रेडिओ बसवायचा आहे’ असं शोरूमच्या सर्व्हिस विभागाला मेसेजवर कळवा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी ‘बसवा हो’ला पुढे कुणी ओळखत नाही.

सामान असं: १२ व्होल्टचा साधा कारचा रेडिओ, चार ओहमचे दोन स्पीकर, चार पायांचा रिले (किल्लीच्या विजेवर चालू-बंद होणारं स्विच), बॅटरीजवळ बसणारा १० अँपियरचा फ्यूज झाकणासह, २.५ चौरस मिलिमीटरची लाल-काळी वायर, वायरीच्या टोकाला दाबून बसवायची थिंबलं, रबरी ग्रोमेट, नालीदार पाइप आणि मल्टिमीटर. मोठा स्क्रीन आणि अँप्लिफायर घेऊ नका. ट्रॅक्टरच्या धक्क्यांत स्क्रीन टिकत नाही, आणि अँप्लिफायर खातो तेवढी वीज धरून अल्टरनेटर दिलेला नसतो.

द्राक्षाच्या मांडवाखाली चालणाऱ्या छोट्या, बिनकेबिनच्या ट्रॅक्टरला हा रेडिओ नको. फवारणीचे तुषार थेट त्यावर येतात. तिथे पाणी न शिरणारा, स्पीकर अंगातच असलेला छोटा संच घ्या. अँटेना उभी लावू नका, मांडवाच्या तारेत अडकून पहिल्याच ओळीत तुटेल.

## ६. वीज कुठून घ्यायची

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे.

माझ्या आधीच्या ट्रॅक्टरवर एका वायरमनने अर्ध्या तासात रेडिओ बसवून दिला होता. आवाज छान होता. पावसाळ्यात मीटरचे काटे नाचायला लागले, मग मीटर बंदच पडला. वॉरंटी शिल्लक होती. शोरूमच्या मेकॅनिकने डॅश उघडला आणि मला बोलावून दाखवलं: मीटरला जाणारी वायर मधोमध सोललेली, तिच्याभोवती रेडिओची वायर नुसती पिळलेली, वरून काळी टेप. उन्हाने टेपचा डिंक वितळून खाली ओघळलेला, आणि आतलं तांबं पार हिरवं झालेलं. दावा तिथेच संपला. मला राग आला होता, पण ती वायर हातात धरल्यावर बोलायला काही उरलं नाही.

म्हणून कंपनीची एकही वायर सोलायची, कापायची किंवा टोचायची नाही. रेडिओची वीज थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून घ्यायची. जोडणी अशी:

बॅटरीच्या धन टोकावरून लाल वायर निघेल, वीतभर अंतरातच फ्यूज. तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पायाला. ८७ नंबरच्या पायावरून रेडिओला. ८५ नंबर बॅटरीच्या ऋण टोकाला. ८६ नंबरला किल्लीबरोबर चालू होणारी वीज हवी, ती १२ व्होल्टच्या चार्जिंग सॉकेटमध्ये बसणाऱ्या प्लगमधून घ्या. म्हणजे इथेही कंपनीची वायर सोलावी लागत नाही. सॉकेट किल्लीने बंद होतं का, ते आधी मल्टिमीटरने बघा.

रेडिओच्या वायरींत बहुधा पिवळी कायमच्या विजेची, लाल किल्लीच्या विजेची आणि काळी अर्थिंगची असते. तरी डब्यावरचं चित्र बघूनच जोडा. कारमध्ये पिवळी थेट बॅटरीला देतात. ट्रॅक्टरला मी तसं करत नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टर तीन-तीन आठवडे उभा राहतो आणि पिवळी वायर थोडी थोडी वीज ओढत राहते. पिवळी आणि लाल दोन्ही ८७ वरच द्या. घड्याळ आणि स्टेशनं पुन्हा लावावी लागतील, पण बॅटरी शाबूत राहील. काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला न्या, रंगवलेल्या पत्र्याला नाही.

सावधान: काम सुरू करण्याआधी किल्ली बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग आधी ऋण टोक काढा. जोडताना ऋण टोक शेवटी. कॉमन रेल ट्रॅक्टरमध्ये ही घाई महागात पडते. आणि रेडिओच्या पट्टीसाठी ट्रॅक्टरवर वेल्डिंग अजिबात करू नका.

## ७. बसवणी आणि तपासणी

केबिनचे खांब आणि उलटल्यावर जीव वाचवणारी चौकट यांना भोक पाडायचं नाही. भोकाने तिची ताकद कमी होते, तिथे क्लॅम्प वापरा. छतालाही अँटेनासाठी भोक नको, पावसात पाणी आत येतं. आरशाच्या दांड्यावर अँटेना क्लॅम्पने बसते.

वायर पत्र्यातून जिथे जाते तिथे ग्रोमेट, बाकी सगळीकडे नालीदार पाइप. सायलेन्सर, क्लचचा पेडल आणि स्टिअरिंगपासून वायर लांब. दर वीतभर अंतरावर बांधणी. स्पीकरची ऋण वायर बॉडीला जोडू नका, बहुतेक रेडिओ त्याने जळतात. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी रेडिओपर्यंत स्वतंत्र न्या.

तपासा: इंजिन बंद असताना चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसेल. इंजिन चालू, आरपीएम थोडा वाढवलेला, दिवे आणि रेडिओ चालू, तेव्हा साधारण १३.८ ते १४.४ हवेत. रेडिओ लावण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. चार्जिंगचा वाद निघाला तर उपयोगी पडतात.

आता १०१.४ वर आकाशवाणी नाशिक लावा. इंजिन बंद असताना स्वच्छ आणि चालू केल्यावर आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी येत असेल, तर अर्थिंग किंवा अँटेनाची जोडणी कच्ची आहे. खरखर येत असेल तर बाहेरून लावलेले एलईडी दिवे एकेक बंद करून बघा, स्वस्त एलईडी एफएममध्ये हमखास त्रास देतात. चांदवड-वणीकडे डोंगराआड स्टेशन तुटलं तर मात्र दोष रेडिओचा नाही. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की थांबतात.

आवाज किती ठेवायचा? पीटीओ चालू असताना बाहेरून कुणी हाक मारली तर ऐकू यायला हवी. रोटाव्हेटरला दगड लागला, बेअरिंग कुरकुरलं, कुणी मजूर मागे आला, हे सगळं आधी कानाला कळतं. पोराच्या हातात ट्रॅक्टर देताना मी हे प्रत्येक वेळी सांगतो.

सगळं झाल्यावर जोडणीचे फोटो काढा: फ्यूज, रिले, न कापलेलं हार्नेस. बिल आणि फोटो सर्व्हिस बुकासोबत ठेवा. पुढच्या सर्व्हिसला जॉबकार्डवर ‘बाहेरचा रेडिओ, स्वतंत्र वायरिंग’ अशी नोंद करायला सांगा.

## ८. बिघाड झालाच तर

ट्रॅक्टर जागेवर थांबवा. मीटरचा, गळतीचा, लागलेल्या दिव्याचा फोटो आणि व्हिडिओ घ्या. बिघाड विजेचा असेल तर रेडिओचा फ्यूज काढून बाजूला ठेवा आणि दोष तसाच राहतो का ते बघा. राहिला तर रेडिओचा संबंध नाही हे तिथेच दिसतं. गावच्या मेकॅनिकला काहीही उघडू देऊ नका, हंगाम कितीही अंगावर आलेला असो. एक दिवस ब्लोअर भाड्याने आणणं गिअरबॉक्सच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतं.

तक्रार फक्त डीलरला तोंडी सांगून थांबू नका. कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. रेडिओचं निमित्त सांगितलं, तर रेडिओच्या कुठल्या जोडणीमुळे कुठला भाग गेला हे त्या कागदावर लिहायला सांगा. इंजिन, क्लच किंवा लिफ्टच्या दोषाला तुमच्या वेगळ्या फ्यूजवरच्या रेडिओचं कारण चिकटवणं मग सोपं राहत नाही.

तरीही मिटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ‘ट्रॅक्टर व्यवसायासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कारणात धरलेली नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. अर्जासोबत बिल, शिक्के असलेलं कूपन बुक, प्रत्येक जॉबकार्ड, रेडिओचे फोटो आणि लेखी नकार तारखेच्या क्रमाने लावून द्या.